आईच्या हातातल्या काड्या

दि. ३ सप्टेंबर

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. आईला घेऊन सुखरूप पोचलीस हे फोनवर कळलं. पण फोनवर सूचना दिल्या की तू हो हो म्हणतेस आणि ठेवल्यावर विसरतेस, म्हणून हे लिहून पाठवते आहे. भिंतीला चिकटव.

इथे न्हाणीघर पार उखडून ठेवलंय. प्लंबर सहा आठवडे म्हणतो, म्हणजे आपण आठ धरायचे. भिंतीतून जुने पाइप निघाले ते इतके गंजलेले होते की आजवर यातून पाणी आलं कसं, याचंच त्याला नवल वाटलं. मी सकाळी शेजारणीकडे आंघोळ करून वर्कशॉपला पळते. अशा घरात आईला ठेवणं शक्यच नव्हतं, नाहीतर मी तिला कुठे पाठवली नसती, हे तुलाही माहीत आहे.

आता मुद्द्याचं. झटका येऊन तिचा उजवा हात गेला त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. सकाळ-दुपार डाव्या हाताने खाता येईल असं कोरडं काहीतरी दे, ते ती खाते. संध्याकाळचा भात मात्र भरवावा लागतो. डाव्या हातात चमचा दिला की सांडतं आणि ती चिडते. लहान चमचा तिच्या निळ्या पिशवीत आहे, तोच वापर. तिच्या उजवीकडे बस. चमचा काठोकाठ भरू नकोस. गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. ती पुरे म्हणाली की आणखी दोन घास, ते ती खातेच.

आणि तिला स्वतःच्या हाताने खाऊन बघ वगैरे म्हणू नकोस. चेंडू दाबून झाला, माती मळून झाली, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हातात बळ येईलच असं नाही. उगीच नवीन खूळ काढायची तुला सवय आहे. त्या वीस मिनिटांत दुसरं काही करायचं नाही, टीव्हीसुद्धा लावायचा नाही. मी तिला दिवसभराचं सगळं सांगते, कोणाचं माप चुकलं, सुपरवायझर कोणावर भडकला. तुझ्याकडे सांगण्यासारखं नसेल तर गप्प बस, पण घाई करू नकोस.

जावईबापूंना नमस्कार. चमचा हरवू नकोस. माया आहेच, ती सूचनांमधून ओळखून घ्यावी.

तुझी ताई

दि. ११ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. तुझं पत्र स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलंय. ह्यांनी ते वाचून विचारलं की हे आईंना सांभाळायचं आहे की मशीन चालवायचं आहे. मी त्यांना गप्प केलं, पण हसू मलाही आलं, रागावू नकोस.

आई छान आहे. पहिले चार दिवस तुझ्या सूचनांबरहुकूम भरवलं. माझा भात तुझ्यासारखा मोकळा होत नाही, कुकरमध्ये पाणी जास्तच पडतं आणि गोळा होतो. आई भाताकडे असं बघायची की मीच कानकोंडी व्हायचे.

आता खरी बातमी. आमच्या व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारे बसड्रायव्हर राहतात, निवृत्त झालेत. बायको गेल्यापासून ते संध्याकाळी दाराबाहेर स्टूल टाकून जेवतात. हातात भाताचा वाडगा आणि दोन काड्या. चॉपस्टिक्स गं, पण आई त्यांना काड्याच म्हणते. नोकरीत असताना कुणा सोबत्याकडून शिकले म्हणे. आई तीन दिवस खुर्चीवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. चौथ्या दिवशी मला म्हणाली, तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की या माणसाची पकडच चूक आहे. इतकं खाली धरलं तर टोकाला काय कळणार. घड्याळाच्या कारखान्यात आमच्या टेबलावर असा चिमटा धरला असता तर पहिल्याच आठवड्यात घरी पाठवला असता.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण ड्रायव्हरकाका उठले, आत जाऊन दुसऱ्या दोन काड्या धुऊन आणल्या आणि आईपुढे धरून म्हणाले की बाई, मग दाखवाच. आणि ताई, तिने घेतल्या. आधी डाव्या हाताने उजवा हात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला, मग काड्या बोटांत बसवल्या. दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा माझ्या त्या गोळाभाताचा सुपारीएवढा घास उचलला आणि थेट तोंडात घातला. बत्तीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या ना तिने, बोटांना ते आठवत असणार. असे पाच घास खाल्ले. मी रडले आणि तिने मला वेडी म्हटलं.

तुला कधी एकदा सांगते असं झालं होतं. फोन केला असता, पण फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात थोडी शाबासकी घालावी.

तुझी छोटी

दि. १७ सप्टेंबर

चि. छोटीस,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. उजवा हातच ना? नीट बघून लिही.

बातमी आनंदाची आहे, मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला नाही. आडपडदा कशाला ठेवू, माझ्या पोटात दुखतंय. तीन वर्षं संध्याकाळी साडेसातला मी ताट घेऊन तिच्यापुढे बसले. ताप असला तरी बसले. तिथे जाऊन तिला आठ दिवस झाले नाहीत तर कोण कुठल्या ड्रायव्हरने दोन काड्या पुढे केल्या आणि बाईसाहेबांनी हात उचलला. माझ्यासाठी कधी बोट उचललं नाही. बरं, तो भात तरी धड असावा. तुझा भात म्हणजे लगदा, तो काड्यांनी काय, काटकीनेही उचलता येईल.

वर्कशॉपखालच्या दुकानातून मीही काड्यांची एक जोडी घेतली. हसू नकोस. मी कापडाचे ऐंशी थर एका दमात कापते आणि वरच्या-खालच्या तुकड्यात दोऱ्याचाही फरक पडत नाही, सगळं वर्कशॉप माझ्या हाताचं नाव घेतं. म्हटलं, त्यात काय आहे. घरी मोकळा भात केला आणि बसले. अर्ध्या तासात सहा शितं तोंडात गेली, बाकी मांडीवर. शेवटी काड्या कचऱ्यात टाकल्या, ताट उचललं आणि ओट्याशी उभ्यानेच हाताने जेवले. आई तुझ्याकडे गेल्यापासून रोज उभ्यानेच जेवते आहे, बसायचं राहूनच जातं.

तिला ठसका लागला तर काय करशील? अंगावर सांडलं तर तिला चालतं का? तिचा स्वभाव मला माहीत आहे, चारचौघांत सांडलेलं तिला खपत नाही. निदान व्हरांड्यात तरी बसवू नकोस. आणि त्या ड्रायव्हरना म्हणावं, बस चालवायचे तेव्हा चालवली, आता आमच्या घरात स्टिअरिंग धरू नका.

न्हाणीघराच्या फरशा बसल्या. प्लंबरच्या मागे लागून काम लवकर उरकून घेतेय. दहा ऑक्टोबरला आईला आणून सोड. माया आज जरा आंबली आहे, समजून घे.

ताई

दि. २६ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. तुझ्या पत्राला लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीतर मी फार वाईट लिहिलं असतं. आता नऊ दिवस झाले, थोडंच वाईट लिहिते.

तुला वाटतं तुझ्याच पोटात दुखतं. तीन वर्षं आई तुझ्याकडे आहे. मी भेटायला आले की पाहुण्यासारखी खुर्चीत बसायचे आणि तुम्हा दोघींचं चाललेलं बघायचे. मी चमचा उचलला की तू म्हणायचीस, राहू दे, तुला जमणार नाही. इथेही आई दिवसभर तुझंच सांगते. ताई कॉलरला इस्त्री कशी करते, ताईच्या हाताला नव्या कापडाचा वास कसा येतो, आता साडेसात झाले, ताई घरी आली असेल. मी तिच्यासमोर बसलेली असते गं. मला एकदा वाटलं, तिने माझ्याकडे काहीतरी पहिल्यांदा केलं, जे तुझ्याकडे केलं नव्हतं. त्यावरही तू बोळा फिरवलास.

बाकी ती सुधारते आहे. आता अख्खा वाडगा काड्यांनी संपवते, एक तास लागतो. सांडतं, आणि ती स्वतः एकेक शीत काडीने वेचून वाडग्याच्या झाकणात ठेवते. ड्रायव्हरकाकांशी पकडीवरून रोज वाद होतो. ठसका एकदाही लागला नाही. उजवाच हात आहे, मी नीट बघितलं.

आता तुला जे आवडणार नाही ते. दहा तारखेचं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मला अजून दोन-तीन महिने इथे राहू दे. मी चकितच झाले. का म्हणून विचारलं तर सांगेना. एवढंच म्हणाली की मोठीला मी स्वतः लिहीन. रोज दुपारी वही घेऊन बसते, मला बघू देत नाही. शपथेवर सांगते, मी तिला काही पढवलेलं नाही.

रागावशील हे धरूनच चालले आहे. राग ओसरला की लोभ कळवावा.

छोटी

दि. २ ऑक्टोबर

चि. छोटीस,

ठेवून घे. तिचे लोकरीचे कपडे आणि औषधांची फाइल खोक्यात भरून ठेवली आहे, जावईबापू इकडे आले की घेऊन जातील. न्हाणीघरात तिच्यासाठी धरायला दांडी बसवून घेतली होती, तिचा मी टॉवेल वाळत घालायला उपयोग करीन.

तू म्हणतेस तू पढवलं नाहीस. असेल. मग हे जास्तच झालं, कारण ते तिचं तिलाच वाटलं. मी कुठे कमी पडले तेवढं विचारून कळव. मागच्या हिवाळ्यात आमच्या नव्या शाखेत कटिंगची मुख्य म्हणून मला जागा देत होते. पंचवीस माणसं हाताखाली, पण घरी यायला साडेनऊ झाले असते. मी फोनवर नकार दिला, म्हणाले, आईला भरवायचं असतं. आई तेव्हा शेजारच्या खोलीतच होती, तिने ऐकलं असेल. ऐकूनही तिला तिकडेच राहावंसं वाटत असेल तर मी काय बोलू.

मला तुझा हेवा वाटतो. त्या ड्रायव्हरचा वाटतो, ज्याला चिमटा धरता येत नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दोन लाकडाच्या काड्यांचाही वाटतो. साडेसात वाजले की माझा हात नुसता रिकामा राहतो. टीव्ही लावून बघितला, मन लागत नाही.

पत्र पाठवू नकोस. तिला लिहायचं असेल तर तिला लिहू दे. आशीर्वाद वर घालायचे राहिले, ते इथे घेऊन टाक.

ताई

दि. १४ ऑक्टोबर

चि. मोठीस,

खूप आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे. हे पत्र लिहायला सहा दिवस लागले, एका दिवसात चार-पाच ओळींच्या वर हात जात नाही. छोटीला वाचू दिलेलं नाही. तुझं तिला आलेलं पत्र मात्र तिने मला वाचून दाखवलं, मीच लावलं वाचायला.

तू कुठे कमी पडली नाहीस. चूक माझी आहे, ती सांगते. माझा हात इथे आल्यावर आला नाही. तो दीड वर्षापूर्वीच थोडा थोडा यायला लागला होता. एका दुपारी वाऱ्याने खिडकी आपटत होती, तिची कडी मी उजव्या हाताने लावली. लावल्यावर माझं मलाच कळलं. संध्याकाळी तू आलीस की सांगायचं, असं ठरवून बसले होते.

तू आलीस ती चिडलेली. कुणीतरी सबंध तागा उलटा कापला होता. हातपाय धुतलेस, भात केलास, ताट घेऊन बसलीस आणि बोलायला लागलीस. बोलता बोलता तुझा चेहरा उतरला, मग निवळला, मग तू हसलीस. मी बघत होते. दिवसभरात तू तेवढीच वीस मिनिटं बसतेस, मोठे. बाकी उभीच. मी हात उचलला असता तर ताट माझ्यापुढे ठेवून तू कपडे धुवायला गेली असतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या, परवा करत राहिले. दुपारी तू नसताना हात हलवायचा आणि जिन्यावर तुझी पावलं वाजली की मांडीवर ठेवायचा, असं चाललं.

मग ती मुख्याची जागा तू नाकारलीस. मी ऐकलं. माझ्या आळशी हातासाठी तू नाही म्हणालीस आणि मी भिंतीआड गप्प बसले. तेव्हापासून घास गोड लागला नाही, तरी तोंड उघडत राहिले. या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला काही शिकवलेलं नाही. त्याची वेडीवाकडी पकड बघवेना आणि हात आपोआप पुढे गेला. छोटीने बघितलं, मग लपवायला काही राहिलं नाही. मला सुटल्यासारखं झालं.

राहायचं का म्हणते तेही सांगते. मला माझी खात्री नाही. आत्ता तिकडे आले आणि तू ताट घेऊन समोर बसलीस की हा हात पुन्हा मांडीवर पडेल. इथे दोन-तीन महिने काढले की त्याची खोड मोडेल. तू बोलायची बंद होऊ नकोस, एवढंच मागते.

हात दुखतो, थांबते. जमल्यास राग धर, पण जेवताना बसत जा.

आई

दि. २० ऑक्टोबर

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं अक्षर चांगलं आहे. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतरचा अर्धा दिवस मी बॉबिनी मोजत बसले, कात्रीला हात लावला नाही. लावला असता तर मीही तागा उलटा कापला असता.

आधी त्या जागेचं. ते ओझं तू मनावर घेऊ नकोस. मी घरात ओरडते, बाहेर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुला माहीत आहे. पंचवीस माणसांना हुकूम सोडायची मला भीती वाटली. नको म्हणायला कारण हवं होतं, तुझा हात पुढे केला.

आता दुसरं. हे लिहायला मलाही तीन दिवस लागले आणि माझा हात तर धडधाकट आहे. आई, मला माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात एकदा वर्कशॉपची वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. दार अर्धं उघडं होतं. तू पलंगावर बसून स्वेटरची बटणं लावत होतीस, उजव्या हाताने. खालून वर तीन लावलीस. मी दाराशी उभी राहून मोजली. मग आवाज न करता खाली गेले, औषधाच्या दुकानापाशी पाव तास उगीच उभी राहिले आणि मुद्दाम चपला आपटत जिना चढले. वर आले तेव्हा तुझा हात मांडीवर होता. संध्याकाळी मी भात केला, घास पुढे केला, तू तोंड उघडलंस. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

मला तुझ्या आधी सांगता आलं असतं. डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, व्यायाम पुन्हा सुरू करायला हवा होता, तुझा हात एव्हाना वाडगाच काय, घड्याळ धरता झाला असता. हे माझ्याकडून झालं. छोटीला मी भिंतीला चिकटवायला सूचना पाठवल्या, तुला प्रयत्न करायला लावू नकोस म्हणून बजावलं, ते तुझ्या काळजीने नव्हतं. आणि मला हेवा वाटला तो तुझा हात चालतो याचा नव्हता. तो तू दुसऱ्यांना दाखवलास, याचा होता. छोटीला हे तूच वाचून दाखव, किंवा तिच्या हातात दे. तिला मी फार लागट बोलले.

हवं तेवढं राहा. मी रविवारी पहिल्या गाडीने येते. भात छोटीलाच करू दे, माझ्या भाताचा तिथे उपयोग नाही. एक तास लागतो म्हणे तुला. मी उजवीकडे बसेन आणि तासभर काहीबाही सांगत राहीन. हात मांडीवर ठेवीन. ठेवायची सवय नाही, मधेच पुढे आला तर काडीने मार.

तुझी मोठी